गाळपेरीतला दगड

"अण्णा, ते गाडगं माझ्याकडं द्या आणि दोन्ही हातांनी होडी धरा," मी म्हणाले. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काठावरून निघाल्यापासून हेच चाललं होतं. मी सांगायचं आणि त्यांनी पाण्याकडं बघायचं.

गाडग्यात आई होती. म्हणजे तिच्या अस्थी, मूठभर, वर पांढरं फडकं बांधलेलं. ठिकाणावर पोचेपर्यंत त्या भुईला टेकवायच्या नाहीत, टेकवल्या तर माणूस तिथंच अडकून राहतं, असं अण्णांचं म्हणणं. म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेला माझा बाप एका हातानं गाडगं छातीशी धरून आणि दुसऱ्या हातानं धोतर सावरत होडीत बसला होता, आणि त्याला मी मागून दंडाला धरलं होतं. होडीवाला पोपट मल्लाव वल्हं मारता मारता आमच्याकडं बघायचा आणि नजर वळवायचा.

"दुपारनं वारं सुटतं," तो म्हणाला. "त्याच्या आत माघारी फिरायचं बरं का. न्हायतर मी थांबायचो न्हाय."

मला तर ते ऐकून बरंच वाटलं. अण्णांना घाई करणारं माझ्याशिवाय आणखी कुणीतरी हवंच होतं. टेंभुर्णीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. ऐन लग्नसराई, कापडांचे गठ्ठे तसेच पडलेले, नवरीच्या आया फोनवर फोन करत होत्या आणि मी इथं धरणाच्या पाण्यात, उन्हात, मेलेल्या आईला घरी पोचवायला निघालेले. आता त्याला बरीच वर्षं झाली. तरी त्या दिवशीचा वैताग आठवला की अजून डोकं तापतं.

घर म्हणजे कुठलं, तर जुन्या कळसंबीतलं. भीमेच्या काठचं आमचं हे गाव धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं. अर्धं गाव नदीच्या अलीकडं नेऊन वसवलं, अर्धं पलीकडं. मी जन्मले ती अलीकडच्या वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या वसाहतीला आजूबाजूची गावं अजूनही 'धरणवाले' म्हणतात. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा सासरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, धरणवाल्यांची का पोरगी, म्हणजे गाव नसलेली. मी जुनी कळसंबी कधी बघितली नव्हती. पण अण्णांच्या तोंडून इतकी ऐकली होती की मला तिचा कंटाळा आला होता. आपला वाडा नव्हता पण घर कसं, खडकावर उभं. तुझ्या आज्याला पाया खणावा लागला नाही. पुरात सगळं गाव भिजायचं, आपल्या उंबऱ्याला पाणी नाही. मग शेवटी धरणाचं पाणी आलं ते खडकाला विचारून आलं का, असं मी लहानपणी एकदा म्हणाले आणि पाठीत धपाटा खाल्ला.

आई मार्गशीर्षात गेली. सावडायच्या दिवशी माझा धाकटा भाऊ संपत रीतीप्रमाणं सगळी राख नदीला सोडून आला. पण अण्णांनी त्यातल्या मूठभर अस्थी आधीच बाजूला काढून गाडग्यात भरल्या होत्या. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून त्यांनी ते गाडगं दारातल्या लिंबाला टांगलं. पाणी उतरलं की मी तिला घरी नेणार, एवढं बोलले आणि गप्प बसले. थंडी गेली, शिमगा गेला, गाडगं तिथंच. संपतची बायको अलका दिवेलागणीनंतर अंगणात यायची बंद झाली. लिंबाखालची म्हैस गोठ्याच्या मागं गेली, कपड्यांची दोरी सुटली, पोरांना झाडाखाली खेळायची बंदी झाली. वसाहतीत लोक अण्णांबद्दल म्हणायला लागले, भगवान गोडग्याच्या डोक्यावर परिणाम झाला. संपतनं मला फोन केला, "आक्का, तूच ये बाई. माझं न्हाय ऐकत."

माझं तरी कधी ऐकलं होतं त्यांनी? एका बाबतीत मात्र ऐकलं होतं, नावाच्या. माझं जन्मनाव दगडाबाई. आहे की नाही गोड? चुलतीनं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, तुझ्या बापाला मुलगा पाहिजे होता, झाला दगड, म्हणून दगडाबाई. शाळेत पोरं मला बघितली की एकमेकांना म्हणायची, सरका रे, ठेच लागंल. सातवीत मी जेवण सोडलं, तेव्हा अण्णा शाळेत गेले आणि नाव बदलून आले. दीपाली. तेव्हापासून अण्णा मला दीपालीच म्हणायचे. कधी चुकले नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत 'दगडे'च म्हणत राहिली. माझ्या सासूसमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, 'दगडे, चहा टाक'. किती भांडले असेन मी तिच्याशी. ती हसायची. शेवटी दवाखान्यात ती डोळे मिटून 'दगडे, दगडे' करत होती, तर नर्स मला म्हणाली, ताई, आजी दगड मागतायत. मला तिथंसुद्धा संताप आला होता.

तर असे आम्ही निघालो. उन्हाळा कडक होता, धरण तळाला गेलेलं. जुन्या गावातलं महादेवाचं देऊळ कळसापासून पायरीपर्यंत उघडं पडलं होतं. होडी लागली तिथं सगळा काळा गाळ. पोपट होडीतच बसला. मी अण्णांना उतरवलं आणि पहिल्या पावलाला माझी चप्पल गाळात गेली, ती गेलीच. दुसरी मी रागानं स्वतःच काढून फेकली.

"ते देऊळ," अण्णा हात करून म्हणाले, "आन् ह्या अंगाला आपली आळी. चल."

चालताना दोन्ही बाजूला जोती दिसत होती. भिंती कधीच विरघळलेल्या, नुसती दगडी जोती उरलेली, एकसारखी, शेवाळ वाळून पांढरी पडलेली. एकाला दुसऱ्यापासून ओळखायचं कसं, हे माझ्या डोक्यात येत होतं. पण अण्णा सरळ चालले होते. मागच्या दुष्काळात असंच पाणी उतरलं होतं, तेव्हा वसाहतीतल्या बाया मिळून गाव बघायला आल्या होत्या, त्यात आई होती. संध्याकाळ झाली तरी ती परतली नाही म्हणून अण्णा तिला न्यायला आले, तर ती एका जोत्यामागं, नुकत्याच उघड्या पडलेल्या, अजून न पेरलेल्या भुईवर हात ठेवून बसलेली. अण्णांना बघून म्हणाली, हेच आपलं. ती खूण अण्णांनी पक्की धरली होती.

आणि त्या जोत्याभोवती कुणीतरी काकड्या लावल्या होत्या.

पाणी उतरलं की धरणाच्या पोटातला गाळ उघडा पडतो, त्यात लोक दोन-अडीच महिन्यांचं पीक काढून घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. ओल असते, खत लागत नाही, वेल नुसते फोफावतात. इथंही तसंच, जोत्याच्या मागं सगळीकडं हिरवेगार वेल. फक्त मधोमध घोंगडीएवढा एक तुकडा मोकळा सोडलेला होता आणि त्यात एक काळा दगड होता.

"कोण रे तो? कुणाच्या घरात पेरलंस?" अण्णा ओरडले.

वेलांतून एक म्हातारा उठला. डोक्याला पंचा, हातात खुरपं, अण्णांपेक्षा वाकलेला. त्यानं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं बघितलं. अण्णांचा दंड माझ्या हातात होता, तो एकदम ताठ झाला.

"ग्यानबा," अण्णा म्हणाले. त्याला नव्हे, मला.

ग्यानबा शिंगटे. हे नाव आमच्या घरात घ्यायची सोय नव्हती. जुन्या गावातला आमचा शेजारी, अण्णांचा जिवाचा मित्र. धरणाच्या नोटिसा आल्या तेव्हा गावानं महादेवापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती की जमिनीला जमीन मिळाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. अण्णा पुढारी. सोलापूरला मोर्चा घेऊन गेले आणि तिथं त्यांना आत टाकलं. ते सुटून आले तेव्हा ग्यानबा नोटीस घेऊन, बैलगाड्या भरून, पलीकडं निघून गेला होता. तो हलला म्हणून दुसरा हलला, दुसरा हलला म्हणून सगळे. आपलं गाव पाण्यानं नाही, ग्यानबानं बुडवलं, असं अण्णा म्हणायचे. त्याच्या घरचं पाणी प्यालो तर बापाचं नाव लावणार नाही, अशी शपथ त्यांनी भर चावडीत घेतली होती. ती घरातल्या सगळ्यांना लागू होती. एका लग्नात आई ग्यानबाच्या बायकोशी दोन शब्द बोलली म्हणून अण्णा आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आता हा माणूस आमच्या घराच्या जोत्यावर काकड्या पिकवत होता. मला अण्णांचा राग पहिल्यांदाच पटला.

"माझ्या घरातनं भाईर हो," अण्णा म्हणाले.

"हे माझं घर हाय, भगवान," ग्यानबा शांतपणे म्हणाला.

झालं. जे सुरू झालं ते थांबेचना. ग्यानबा म्हणे, हे उखळ बघ, माझ्या आज्यानं बसवलेलं. अण्णा म्हणे, उखळ काय तुझ्या एकट्याच्याच घरात होतं? ग्यानबा म्हणे, देवळापासून आधी चाफ्याचं झाड, मग माझं घर, मग तुझं. अण्णा म्हणे, चाफा अलीकडं होता. कुठला चाफा आणि कुठलं काय, नजर जाईल तिथवर एक काडी उभी नव्हती. गाव जाऊन चाळीस वर्षं झालेली, आणि दोन म्हातारे नसलेल्या झाडावरून नसलेल्या घरांची हद्द ठरवत होते. ऊन डोक्यावर आलं. माझे पाय गाळात भाजत होते. तिकडून पोपटानं हाक मारली, चला म्हणून. मी अण्णांना म्हणाले, कुठंतरी ठेवा आईला आणि चला, सगळा गाळच तर आहे. हे जोतं काय आणि ते जोतं काय.

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. मग ते जोत्याच्या दगडावर बसायला गेले आणि गाडग्याची आठवण होऊन तसेच अर्धे वाकलेले उभे राहिले. हात भरून आला होता त्यांचा. तरी गाडगं मला देईनात.

"ह्याला शेतीसुदिक धड येत न्हाय," ते त्या मोकळ्या तुकड्याकडं हनुवटी करून मला म्हणाले. "मधीच पडीक ठिवलंय. आळशी ते आळशी."

ग्यानबा त्या तुकड्यात शिरलेला एक वेल बाजूला सारायला लागला. त्याच्या वेलांना मात्र काकड्या लगडल्या होत्या. ते बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि वैतागलेलं माणूस थांबत नाही, बोलून मोकळं होतं.

"अण्णा, आपलं घर खडकावर होतं ना? तुम्हीच जन्मभर सांगता, पाया खणावा लागला नाही. मग इथं वेल कसे आले? खडकावर काकड्या येतात का?"

अण्णांनी खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती टोकरली. ती भुसभुशीत होती, खोलवर. ग्यानबानं खुरप्यानं पलीकडं दाखवलं. थोड्या अंतरावर एक जोतं होतं, त्याच्या आगंमागं नुसता काळा कातळ, गाळसुद्धा धरला नव्हता त्याच्यावर.

"ते तुझं," तो म्हणाला.

अण्णांचं तोंड उतरलं. आपलं घर आपल्याला ओळखता आलं नाही, ही काय थोडी गोष्ट आहे? तीसुद्धा ग्यानबाकडून कळायची. मला वाटलं आता तरी संपलं, त्या कातळावर आईला ठेवू आणि निघू. मी त्यांचा दंड ओढला. ते हललेच नाहीत.

"ती हितं बसली व्हती," ते म्हणाले. "म्या माझ्या डोळ्यानं बघितली. ह्याच जोत्याच्या मागं. म्हणली, हेच आपलं. आपलं घर सोडून ती तुझ्या दारात कशाला बसंल? सांग की. तुझ्या दारात कशाला बसंल ती?"

ग्यानबानं खुरपं खाली ठेवलं. पंच्यानं तोंड पुसलं. अण्णांच्या हातातल्या गाडग्याकडं त्याचं लक्ष बहुतेक तेव्हाच गेलं.

"वयनी हायेत व्हय त्यात?"

मी मान हलवली.

"भगवान," ग्यानबा म्हणाला, "वयनींनी तुला सांगितलं न्हाय?"

"काय सांगायचं?"

"पोर हितं हाय."

"कुठलं पोर?" मी म्हणाले. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. अण्णा त्या मोकळ्या तुकड्याकडं बघत होते, त्यातल्या दगडाकडं. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "पयलं."

मग ग्यानबानंच सांगितलं. अण्णा सोलापुरात तुरुंगात असताना आईला मुलगा झाला होता. तिचं पहिलं बाळ. बारसं व्हायच्या आतच ते गेलं. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि घराच्या जवळपासच पुरतात, म्हणजे आईला फार लांब वाटत नाही. घरात पुरुषमाणूस नाही. ग्यानबा पहार घेऊन आमच्या परसात गेला. कातळ. पहार घातली की ठिणगी उडायची, माती निघायची नाही. आई बाळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. शेवटी तीच म्हणाली, भाऊजी, तुमच्याकडं माती हाय. मग ग्यानबानं आपल्या परसात खड्डा काढला. तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं, स्वतःच माती लोटली, आणि वर हा दगड आणून ठेवला.

"मला म्हणली परसात ठिवलंय," अण्णा म्हणाले. "म्या इचारलं, कुठं ठिवलंस. म्हणली परसात. मला वाटलं, आपल्याच."

ते सुटून आले तेव्हा ग्यानबा गेलेला होता, आणि घरी यायच्या आधीच त्यांनी चावडीवर शपथ घेतली होती. आता कुणाच्या परसात, हे सांगायची तिची काय बिशाद? बाळाला नावच नव्हतं, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचं तरी कसं. मला नाही माहीत, संपतला नाही माहीत. आम्ही दोघं म्हणजे सगळी भावंडं, असंच आम्ही समजत होतो. अण्णा लिंबावरचं गाडगं सांभाळत का बसले, ते मला तिथं त्या उन्हात कळलं. त्यांना घर नकोच होतं. त्यांना आईला पोराजवळ ठेवायचं होतं, आणि पोर आपल्या परसात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. म्हणून घर शोधत होते.

"म्हणून गेलास व्हय गाव सोडून? पोरापायी?" अण्णांनी विचारलं. त्यांना हो ऐकायचं होतं. मला ते त्यांच्या आवाजात कळत होतं.

"न्हाय," ग्यानबा म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पोलिसाला भिऊन गेलो. तू आत, आता माझी पाळी, असं वाटलं. पोराचा काय संबंध त्यात. पण पाणी उतरलं की दरसाल येतो. समदं पेरतो, एवढी जागा सोडून."

मला वाटलं अण्णा आता फिरतील आणि आईला घेऊन त्या कातळावर जातील, कारण त्यांचा स्वभाव मला माहीत होता. ग्यानबाच्या भुईत आई, आणि तीही कायमची? मी मनातल्या मनात आईला म्हणाले, बाई गं, तुझा नवरा काय ऐकायचा नाही.

"खुरपं दे," अण्णा म्हणाले.

ग्यानबा वाकून दगड बाजूला करायला लागला, तर त्यांनी त्याला अडवलं. दगड हलवायचा नाही, शेजारीच ठेवू, म्हणाले. गाडगं त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. हलकं होतं. एवढ्यासाठी मी दिवसभर त्यांच्याशी भांडत होते, आणि ते एखाद्या पेल्याएवढंही जड नव्हतं. अण्णा गुडघ्यावर बसून खणत होते आणि दम लागून थांबत होते, ग्यानबा उकरलेली माती हातानं मागं ओढत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"ही दगडी का?" ग्यानबानं मान वर न करता विचारलं.

"दीपाली," मी म्हणाले. सवयीनं.

"मागल्या दुष्काळात वयनी आल्या तवा तुझंच सांगत व्हत्या. म्हणल्या, शिवणाचं दुकान काढलंय माझ्या दगडीनं." तो माती ओढत राहिला. "म्या म्हणलं, वयनी, पोरीचं नाव असं कसं ठिवलं? तर म्हणल्या, पयल्याच्या उशाला दगड ठिवला, भाऊजी, पाणी आलं तरी त्यो जागचा हालायचा न्हाय. म्हणून हिला दगडच म्हणलं. म्हणलं, ही तरी राहू दे मला."

मला रडू आलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला आधी संताप आला. तोंड नव्हतं का या बाईला? मी जेवण सोडून बसले होते तेव्हा एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? चुलती बोलत होती तेव्हा तिला गप्प का नाही केलं? सगळं या ग्यानबाला सांगितलं, ज्याच्याशी बोलायची बंदी, आणि मला हसून दाखवलं. माझ्या हातात ते गाडगं होतं, आणि मी त्याला असं रागं भरत होते, जणू ती समोरच बसलीय. मग मला दिसलं की ते गाडगं मीही छातीशी धरलंय, अण्णांसारखंच, आणि खाली टेकवायला माझेही हात तयार नव्हते.

"दे," अण्णा म्हणाले. मी दिलं.

त्यांनी ते खड्ड्यात ठेवलं. मार्गशीर्षापासून लिंबाला लोंबकळणारी आई तेव्हा भुईला टेकली. आम्ही तिघांनी माती लोटली. ग्यानबानं त्याच्या मडक्यातून तांब्याभर पाणी आणलं. अण्णांनी निम्मं त्या मातीवर ओतलं. निम्मं तांब्यात राहिलं. उन्हानं त्यांचे ओठ पांढरे पडले होते, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. त्यांनी तांब्याकडं बघितलं, ग्यानबाकडं बघितलं, आणि तांब्या माझ्यापुढं केला.

"तू पी," म्हणाले.

मी प्याले. ग्यानबा बघत होता. त्यानं अण्णांना आग्रह केला नाही. जाताना माझ्या पदरात काकड्या टाकल्या, आणि अण्णा त्या बघूनही काही बोलले नाहीत.

वारं सुटलं होतं. पोपट रागानं होडीत उभाच होता, आता जातोच म्हणत होता. एक काकडी हातात दिल्यावर जरा गप्प झाला. होडी हेलकावे खायला लागली. अण्णांचे दोन्ही हात आता मोकळे होते, पण ते त्यांनी नुसतेच मांडीवर ठेवले होते. पाणी अंगावर उडत होतं तरी त्यांना भान नव्हतं.

"परसात म्हणली," ते पुटपुटले. "कुणाच्या, ते बोलली न्हाय. चाळीस वर्सं. माझ्या शेजारी निजली ती चाळीस वर्सं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?" मी विचारलं. माझा राग अजून उतरला नव्हता, आणि तो आईवरचा होता की त्यांच्यावरचा, मलाच कळत नव्हतं.

मागं देऊळ लहान होत चाललं होतं.

"उकरून आणलं असतं," ते म्हणाले. "तसंच गेलो असतो पहार घिऊन. त्याच्या भुईत न्हाय ठिवलं असतं." मग थोड्या वेळानं, "तिला ठाऊक व्हतं ते."

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि होडी कलली. पोपट ओरडला, धरून बसा. अण्णा एका अंगाला झुकले आणि त्यांचा हात माझा हात चाचपायला लागला.

"दगडे," ते म्हणाले, "धर मला."

"धरलंय," मी म्हणाले.